सरहद्दीपलीकडचे युद्ध आणि अण्वस्त्रधारी शेजारी : एका वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

एका देशात परकी फौज उतरावी, तेथील राजवट उलथावी, आणि त्या उलथापालथीने त्याला लागून असलेल्या तिसऱ्याच देशाची घडी विसकटावी, हा प्रकार इतिहासाला अपरिचित नाही. व्हिएतनाममधील युद्ध कंबोडियाच्या सीमाप्रदेशात शिरले, १९६९ पासून अमेरिकी विमानांनी तेथे गुप्तपणे बाँबवर्षाव केला, १९७० मध्ये राजपुत्र सिहानूक पदच्युत झाले आणि पाच वर्षांनी ख्मेर रूजच्या सैन्याने राजधानी नॉम पेन्ह हस्तगत केली. शेजारच्या युद्धाने एक राज्य कसे कोसळते याचे उदाहरण म्हणून अभ्यासक आजही त्याचाच हवाला देतात. परंतु कंबोडियाजवळ अण्वस्त्रे नव्हती. ज्याच्या कोठारांत ती आहेत असा देश शेजारच्या युद्धाच्या धक्क्याने डळमळू लागला तर काय होईल, हा प्रश्न खऱ्या तीव्रतेने आजवर एकाच ठिकाणी उभा राहिला आहे, आणि ते ठिकाण आपल्या पश्चिम सरहद्दीपलीकडचा पाकिस्तान हे होय.

अफगाणिस्तानात दोन दीर्घ युद्धे झाली. पहिले सोव्हिएत फौजांचे, १९७९ ते १९८९, आणि दुसरे अमेरिका व तिच्या मित्रराष्ट्रांचे, २००१ ते २०२१. या युद्धांनी पाकिस्तानला अस्थिर केले काय, केले असल्यास ते कोणत्या मार्गाने, आणि त्या अस्थिरतेची झळ त्याच्या अण्वस्त्रांपर्यंत कितपत पोहोचते, या तीन पोटप्रश्नांभोवती मुत्सद्दी, लष्करी अधिकारी, वृत्तपत्रकार आणि विद्यापीठीय पंडित यांचा वाद गेली चार दशके चालला आहे. त्या वादाची आजची स्थिती नोंदविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. वैनगंगेकाठच्या चामोर्शीत बसून काबूल आणि रावळपिंडीचा हिशेब मांडावा याचे कोणास नवल वाटेल. पण या तालुक्याचा त्या इतिहासाशी असलेला धागा बारीक असला तरी तुटक नाही.

१९७१ : तेव्हा शेजारी आपण होतो

या वादाचा आरंभ बहुतेक लेखक १९७९ पासून करतात. माझ्या मते तो आठ वर्षे मागे न्यावा लागतो, कारण पाकिस्तानच्या अणुबाँबचे बीज पूर्व बंगालच्या युद्धात पडले, आणि शेजारच्या युद्धाचा भार म्हणजे काय याचा दाखलाही त्याच युद्धाने आपल्याला घरच्या अनुभवातून दिला.

चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतील काही गावांत शिरले की भाषा पालटते. मराठी, गोंडी आणि दक्षिणेकडे तेलुगू असा जो बोलींचा परिचित पट, त्यात मध्येच बंगाली कानी पडते, घराजवळ मासळीचे तळे दिसते, आणि आश्विनात दुर्गापूजेचा मंडप उभा राहतो. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या या वसाहती होत. १९६४ च्या जानेवारीत खुलना, ढाका या भागांत उसळलेल्या दंगलींनंतर हिंदू कुटुंबांचा जो मोठा लोंढा भारतात आला, त्यातील मुख्यतः नमःशूद्र समाजाच्या शेतकऱ्यांना पश्चिम बंगालात सामावून घेता येणार नाही असे ठरले आणि रायपूरजवळच्या माना छावणीसारख्या तळांवरून त्यांची रवानगी दंडकारण्याकडे झाली. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या दंडकारण्य प्रकल्पाचे मूळ क्षेत्र कोरापुट आणि बस्तर हे असले, तरी त्याच धोरणाच्या ओघात तेव्हाच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्यातही, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा होण्याच्या कितीतरी आधी, जंगल तोडून त्यांना जमिनी देण्यात आल्या. पश्चिम बंगालात अनुसूचित जातींत गणला जाणारा हा समाज महाराष्ट्राच्या यादीत नसल्यामुळे जातीच्या दाखल्यांचा त्यांचा प्रश्न महसूल दप्तरातून अजून निकाली निघालेला नाही. राज्ये फुटतात आणि नवी जन्मतात, तहनाम्यांवर सह्या होतात, परंतु विस्थापिताचा कागद एका मेजावरून दुसऱ्या मेजावर जाण्यास दोन पिढ्या लागतात.

ही कुटुंबे युद्धापूर्वीच आली होती. युद्धाच्या वर्षी, १९७१ मध्ये, आलेल्यांची संख्या सुमारे एक कोटीपर्यंत गेली, आणि ज्याला पाकिस्तान आपले अंतर्गत प्रकरण म्हणतो तेच आता भारताचे अंतर्गत संकट झाले आहे, असा युक्तिवाद इंदिरा गांधींनी संसदेत केला. पश्चिम बंगाल त्या वेळी नक्षलवादी चळवळीने आधीच होरपळत होता. भारताने निर्वासितांना छावण्यांत ठेवले आणि त्यांच्यातील तरुणांना मुक्तिवाहिनीसाठी शस्त्रे व शिक्षणही दिले. म्हणजे पुढे पाकिस्तानने अफगाणांच्या बाबतीत जे केले, त्याच्याशी याचे बाह्य साम्य नाकारता येत नाही. तरीही भारताची घडी मोडली नाही. याची कारणमीमांसा करताना राज्यसंस्थेचे बळ, निवडून आलेल्या सरकारची अधिसत्ता, लष्करावरील मुलकी नियंत्रण ही कारणे नेहमी सांगितली जातात, आणि ती खोटी नाहीत. मला त्यापेक्षा कालमर्यादा महत्त्वाची वाटते. ते युद्ध मार्चमध्ये पेटले आणि १६ डिसेंबर रोजी ढाक्याला संपले; १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांतच निर्वासितांपैकी बहुतेक परतले, आणि शस्त्रधारी तरुणांना परतण्यासाठी त्यांचे स्वतःचे नवे राष्ट्र तयार होते. शस्त्रे ज्या हातांत दिली ते हात वर्षभराच्या आत दुसऱ्या कामाला लागले. अफगाणिस्तानच्या बाबतीत यांतील एकही गोष्ट घडली नाही.

पराभूत बाजूकडे मात्र वेगळेच बी पेरले गेले. ढाक्याच्या शरणागतीनंतर काही आठवड्यांतच, १९७२ च्या जानेवारीत, झुल्फिकार अली भुट्टो यांनी मुलतान येथे शास्त्रज्ञांची सभा भरवून अण्वस्त्राचा मनसुबा त्यांच्यापुढे ठेवला. भारताने १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे स्फोट केला, त्याने त्या मनसुब्याला वेग आला. आरंभ त्याने झाला नव्हता.

पहिले अफगाण युद्ध आणि कहूटा

१९७९ साल पाकिस्तानच्या इतिहासात विलक्षण होते. ४ एप्रिलला भुट्टो फाशी गेले. त्याच महिन्यात कहूटा येथील युरेनियम समृद्धीकरणाच्या कारखान्यामुळे अमेरिकेने आपल्या कायद्यानुसार मदत थांबविली. आणि डिसेंबरच्या अखेरीस सोव्हिएत फौजा काबूलमध्ये उतरल्या. वर्षाच्या आरंभी एकाकी पडत चाललेले जनरल झिया-उल-हक वर्षाच्या शेवटी पश्चिमेला अपरिहार्य वाटू लागले. कार्टर यांनी देऊ केलेली चाळीस कोटी डॉलरची मदत त्यांनी भुईमुगाच्या शेंगा म्हणून झिडकारली (कार्टर हे शेंगांचेच बागायतदार होते, हे झियांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण), आणि १९८१ मध्ये रेगन यांच्या अमदानीत सहा वर्षांसाठी ३.२ अब्ज डॉलरची तजवीज पदरात पाडून घेतली.

प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने या सौद्यातील सर्वांत अर्थपूर्ण भाग असा, की शेजारच्या युद्धाने पाकिस्तानचा सामाजिक पाया खचविण्यास सुरुवात केली त्याच काळात त्याच युद्धाने त्याच्या अणुकार्यक्रमाला छत्र पुरविले. तीस लाखांहून अधिक अफगाण निर्वासित पेशावर आणि क्वेट्टा यांच्या आसपास वसले. मुजाहिदीनांना जाणारी शस्त्रे आय. एस. आय. या लष्करी गुप्तहेर खात्याच्या हातून वाटली जाऊ लागली, आणि त्यांतील बरीचशी वाटेतच बाजारात उतरली. अफूचे हेरॉइन करणारे कारखाने सरहद्दीवर निघाले. सौदी आणि सरकारी पैशावर मदरशांचे जाळे पसरले. ‘कलाश्निकोव्ह संस्कृती’ हा शब्द तेथील वृत्तपत्रांत त्याच काळात रूढ झाला. कहूट्यातील काम मात्र अव्याहत चालू राहिले, कारण ते थांबविण्याचा आग्रह धरणे अमेरिकेस त्या वेळी परवडणारे नव्हते. १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने पाकिस्तानजवळ अण्वस्त्र नाही असा दाखला दरवर्षी देण्याचे बंधन अमेरिकी अध्यक्षांवर घातले. सोव्हिएत फौजा असेपर्यंत तो दाखला मिळत राहिला, आणि त्या १५ फेब्रुवारी १९८९ रोजी परत गेल्यावर, १९९० च्या ऑक्टोबरात, तो नाकारण्यात आला. तोवर कार्यभाग साधला होता.

युद्ध पाकिस्तानच्या राज्यकारभारात किती खोल उतरले याचे एक उदाहरण पुरेसे आहे. १० एप्रिल १९८८ रोजी रावळपिंडी-इस्लामाबादच्या सीमेवरील ओझरी येथे अफगाण युद्धासाठी साठविलेल्या दारूगोळ्याचे कोठार स्फोटाने उडाले आणि दोन्ही शहरांवर अग्निबाणांचा वर्षाव झाला. चारच दिवसांनी जिनेव्हा करारावर सह्या झाल्या. पंतप्रधान मुहम्मद खान जुनेजो यांनी स्फोटाच्या चौकशीचा आग्रह धरला, जिनेव्हा कराराविषयीही त्यांचे झियांशी पटले नव्हते, आणि २९ मे रोजी त्यांचे सरकार बरखास्त झाले. परक्याच्या युद्धाचे कोठार आपल्या राजधानीच्या कुशीत ठेवले की त्याच्या चौकशीत पंतप्रधानाची खुर्चीही जाते, हे तेव्हा दिसले.

दुसरे युद्ध

दुसऱ्या पर्वाचा इतिहास वाचकांच्या स्मरणात आहे. तो संक्षेपाने सांगणे पुरे. ७ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेची मोहीम सुरू झाली. डिसेंबरात तोराबोराच्या डोंगरांतून निसटलेले अल-कायदा आणि तालिबानचे लढवय्ये १८९३ ची ड्युरांड रेषा, म्हणजे अफगाण-पाक सरहद्द, ओलांडून पाकिस्तानच्या वझिरीस्तानात आले. २००४ मध्ये पाकिस्तानी लष्कराने तेथे मोठी मोहीम उघडली आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या वैमानिकरहित विमानांचे हल्ले सुरू झाले. २००७ च्या जुलैत इस्लामाबादच्या लाल मशिदीवर लष्कराने केलेली कारवाई हे वळण ठरले. त्याच वर्षी डिसेंबरात बैतुल्ला मेहसूदच्या नेतृत्वाखाली तेहरीक-ए-तालिबान पाकिस्तान ही संघटना उभी राहिली आणि २७ तारखेस रावळपिंडीत बेनझीर भुट्टो यांची हत्या झाली. २००९ मध्ये स्वातमधील लष्करी मोहिमेने वीस लाखांहून अधिक लोक घरांबाहेर काढले. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या लष्करी शाळेत सव्वाशेहून अधिक मुले मारली गेली. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पुन्हा तालिबानच्या हाती गेले.

मतभेदाच्या दिशा

या घटनाक्रमाबद्दल फारसा वाद नाही. वाद त्याच्या अर्थाबद्दल आहे.

पहिल्या पक्षाच्या मते कारण बाहेरचे आहे. महासत्तांनी शेजारी युद्ध लावले, पाकिस्तान त्यात ओढला गेला, आणि एरवी आपल्या जिरग्यांत व मलिकांच्या अधिकाराखाली स्वस्थ असलेला पठाणी मुलूख परकी बाँबांनी व त्यांना साथ देणाऱ्या स्वकीय फौजेने पेटविला. पाकिस्तानचे सरकारी निवेदन बहुतांशी हेच असते, आणि इम्रान खान यांच्या राजकारणाचा मोठा भाग याच प्रतिपादनावर उभा राहिला. ऑस्ट्रेलियन युद्धशास्त्रज्ञ डेव्हिड किलकलन यांनी २००९ मध्ये मांडलेला ‘योगायोगाने झालेला गनीम’ हा सिद्धान्त याच पक्षास शास्त्रीय आधार देतो: बाहेरचा अतिरेकी एखाद्या खोऱ्यात आश्रय घेतो, त्याच्या पाठलागावर परकी फौज येते, आणि स्थानिक माणूस अतिरेक्याच्या विचारासाठी नव्हे तर त्या फौजेच्या घुसखोरीमुळे बंदूक उचलतो.

दुसरा पक्ष कारण आत शोधतो. हुसेन हक्कानी यांनी २००५ मध्ये मशीद आणि लष्कर यांच्या युतीचा जो इतिहास लिहिला, अहमद रशीद यांनी तालिबानवर आणि नंतरच्या विनाशावर जे ग्रंथ लिहिले, आणि ख्रिस्तीन फेअर यांनी २०१४ मध्ये पाकिस्तानी लष्कराच्या नियतकालिकांच्या आधारे जे विवेचन केले, त्या सर्वांचा रोख असा, की पाकिस्तानने युद्ध सोसले त्याहून अधिक ते वापरले. भारताविरुद्ध पाठीमागे मोकळी जागा हवी, काबूलमध्ये आपल्या कलाने चालणारी राजवट हवी, पठाणांचा राष्ट्रवाद धर्माच्या पांघरुणाखाली दडपला जावा, या हेतूंनी सशस्त्र टोळ्या पोसल्या गेल्या आणि त्यांतील काही पुढे धन्यावरच उलटल्या.

तिसरा पक्ष संख्येने लहान पण विचारात घेण्याजोगा आहे. ॲनाटोल लीव्हेन यांनी २०११ मध्ये असे दाखविण्याचा यत्न केला, की पाकिस्तान मोडकळीला आला आहे हे विधानच अतिरंजित आहे. भाऊबंदकी, जमीनदारी आणि आश्रयदात्याचे संबंध यांनी विणलेला तेथील समाज प्रगतीला जितका अडसर आहे तितकाच क्रांतीलाही. भाकीत करणाऱ्यांनी १९७७, १९८८, २००७ आणि २०१४ या प्रत्येक वर्षी त्याचे विघटन समीप आल्याचे सांगितले, आणि ते झाले नाही, हे या पक्षाचे सर्वांत बळकट प्रमाण.

पहिल्या दोन पक्षांतील तंटा या जंगलजिल्ह्यांतील वाचकाला परका वाटू नये. १९८० मध्ये पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची पहिली दलमे, म्हणजे सशस्त्र पथके, आंध्रातून गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंच्याकडे आली. पुढे आंध्र सरकारने १९८९ मध्ये ग्रेहाउंड्स हे विशेष दल उभे केले, त्या बाजूस दाब वाढला, आणि इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर, म्हणजे एटापल्ली-भामरागडकडे आणि बस्तरात, त्यांचे अस्तित्व घट्ट होत गेले. एका बाजूस दाबले की दुसऱ्या बाजूस निघते, हे तोराबोरानंतर वझिरीस्तानविषयी जे म्हटले गेले, ते येथील पोलीस चौक्यांना जुने आहे. पण साम्य येथे थांबते, आणि जेथे थांबते तेथेच वादाचा गाभा आहे. येथे आश्रय भूगोलाने दिला होता. सरहद्दीच्या कोणत्याही बाजूच्या सरकारने या दलमांना दुसऱ्याविरुद्ध वापरण्यासाठी पोसले नाही. अशा आश्रयाला झीज असते. २०२५ च्या ऑक्टोबरात भूपती या नावाने ओळखले जाणारे नक्षलवादी नेते मल्लोजुला वेणुगोपाल राव यांनी साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा ती झीज किती झाली होती हे दिसले. वझिरीस्तानात भूगोलाच्या जोडीला दप्तरी आश्रय होता. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मला अधिक ग्राह्य वाटते ते या कारणाने. मात्र ते पुरते ग्राह्य धरण्यात एक अडचण आहे, ती अशी, की वझिरीस्तानातील सामान्य कुटुंबाने हे धोरण ठरविले नव्हते, आणि किलकलन यांचे वर्णन त्या कुटुंबाच्या बाबतीत खरेच आहे.

अण्वस्त्रांचा प्रश्न

येथवरचा वाद कोणत्याही दुर्बळ शेजाऱ्याविषयी होऊ शकला असता. २८ आणि ३० मे १९९८ च्या चाचण्यांनी त्याला वेगळे परिमाण दिले. पहिली चाचणी बलुचिस्तानातील चागाई जिल्ह्याच्या डोंगरात झाली. हा जिल्हा अफगाणिस्तान आणि इराण या दोघांच्याही सरहद्दीला भिडलेला, आणि अफगाण निर्वासितांच्या छावण्याही याच जिल्ह्यात.

येथे दोन वेगळ्या भीतींची गल्लत नेहमी होते. पहिली भीती चोरीची: अस्थिर राज्यातून अण्वस्त्र, त्याचे द्रव्य किंवा त्याचे ज्ञान अतिरेक्यांच्या हाती पडेल काय? ही भीती निराधार नव्हती. निवृत्त अणुशास्त्रज्ञ बशीरुद्दीन महमूद यांनी २००१ च्या ऑगस्टमध्ये ओसामा बिन लादेनची भेट घेतल्याचे उघड झाले. ४ फेब्रुवारी २००४ रोजी अब्दुल कादीर खान यांनी दूरचित्रवाणीवरून तंत्रज्ञानाच्या विक्रीची कबुली दिली. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की यांतील दुसरे आणि अधिक गंभीर प्रकरण युद्धाने निर्माण केलेल्या अराजकातून उद्भवलेले नव्हते. ते सुव्यवस्थित राज्याच्या कडेकोट बंदोबस्तातून, त्याच्या विमानांनी, घडले. २००० साली राष्ट्रीय आदेश प्राधिकरणाची स्थापना झाली, जनरल खालिद किदवई यांच्या दीर्घ नेतृत्वाखाली सामरिक योजना विभागाने पहारे कडक केले, आणि त्या विभागात काम केलेले फिरोझ हसन खान यांच्यासारखे लेखक ही व्यवस्था भक्कम असल्याचे सांगतात. परवेझ हूदभॉय यांच्यासारखे पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ तितके निश्चिंत नाहीत: २००९ मध्ये रावळपिंडीच्या लष्करी मुख्यालयावर, २०११ मध्ये कराचीच्या मेहरान नाविक तळावर, २०१२ मध्ये कामरा येथील हवाई तळावर झालेल्या हल्ल्यांत आतल्या माहितीचा वास होता, आणि पहारेकऱ्याच्या मनावर पहारा कोणी ठेवायचा हा त्यांचा प्रश्न अनुत्तरित आहे.

दुसरी भीती चोरीची नाही. ती उलट्या दिशेची आहे. १९६५ मध्ये ग्लेन स्नायडर यांनी असे सुचविले होते, की वरच्या पातळीवर अण्वस्त्रांनी स्थैर्य आले की खालच्या पातळीवर लहान चकमकींना धीर येतो. केनेथ वॉल्ट्झ आणि स्कॉट सेगन यांच्या १९९५ मधील प्रसिद्ध वादात वॉल्ट्झ म्हणतात, अण्वस्त्रे राज्यकर्त्यांना सावध करतात. सेगन म्हणतात, शस्त्रे राज्यकर्त्यांच्या नव्हे तर संघटनांच्या हाती असतात, आणि संघटना चुका करतात. पॉल कपूर यांनी २००७ मध्ये दक्षिण आशियाला स्नायडर यांचे सूत्र जसेच्या तसे लागू होत नाही असे दाखविले: येथे दुर्बल पक्षाला लहान आगळीक करण्याचे धैर्य येते ते वरच्या पातळीवर स्थैर्य आहे म्हणून नव्हे, तर ती पातळी फसवी आहे आणि प्रबळ पक्ष तिला भितो म्हणून.

मुंबईचा पुरावा

हा पंडितांचा वाद महाराष्ट्रात २६ नोव्हेंबर २००८ रोजी रस्त्यावर उतरला. लष्कर-ए-तय्यबाची घडण अफगाण जिहादाच्या अखेरच्या पर्वात, कुनार प्रांताच्या डोंगरांत झाली. सोव्हिएत फौजा परतल्यावर तिचे लक्ष काश्मीरकडे वळले. आणि वीस वर्षांनी तिच्या दहा जणांनी मुंबईत १६६ माणसे मारली. जिवंत पकडला गेलेला अजमल कसाब पंजाबच्या ओकारा जिल्ह्यातील फरीदकोट गावचा होता. म्हणजे बाँबवर्षाव झालेल्या वझिरीस्तानशी त्याचा संबंध नव्हता. शेजारच्या युद्धाने घडविलेली संस्था, युद्धाची झळ न लागलेल्या जिल्ह्यातून माणूस उचलून, तिसऱ्याच शहरावर पाठवीत होती. युद्धाने पाकिस्तान अस्थिर झाला या साध्या विधानात हे प्रकरण बसत नाही, आणि म्हणून मला ते या साऱ्या वादातील सर्वांत बोलका पुरावा वाटतो.

त्यानंतर भारताने लष्करी प्रत्युत्तर दिले नाही. त्याला संयम म्हणावे, असहायता म्हणावे की हिशेब म्हणावे, यावर मराठी वृत्तपत्रांत त्या काळी पुष्कळ शाई खर्ची पडली. २०१६, २०१९ आणि २०२५ मध्ये मात्र धोरण पालटले आणि भारताने लष्करी प्रत्युत्तर दिले. काश्मीरमधील पहलगामच्या हत्याकांडानंतर, ज्यात महाराष्ट्राचेही पर्यटक बळी पडले, ७ ते १० मे २०२५ या चार दिवसांत दोन अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी एकमेकांच्या हवाई तळांपर्यंत मारा केला. कपूर यांच्या पक्षाचे लोक यात आपल्या सिद्धान्ताची प्रचीती पाहतात. वॉल्ट्झ यांचे अनुयायी चौथ्या दिवशी झालेल्या थांबण्याकडे बोट दाखवितात.

अनिर्णित प्रश्न

काबूलचा पाडाव हा या वादाच्या दृष्टीने एक अनपेक्षित प्रयोग ठरला आहे. परकी फौजेची उपस्थिती हेच अस्थिरतेचे मूळ असते, तर ती गेल्यावर सरहद्द निवायला हवी होती. झाले उलटे. पाकिस्तानी तालिबानचे हल्ले २०२१ नंतर वाढले. ३० जानेवारी २०२३ रोजी पेशावरच्या पोलीस वसाहतीतील मशिदीत मोठा स्फोट झाला. त्या वर्षाच्या अखेरीपासून पाकिस्तानने लाखो अफगाणांना परत धाडले, ज्यांतील पुष्कळांचा जन्मच पाकिस्तानात झाला होता. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात दोन्ही देशांच्या फौजांत उघड लढाई होऊन कतार व तुर्कस्तान यांच्या मध्यस्थीने दोहा येथे युद्धविराम करावा लागला. काबूल आपल्या शत्रूंना आश्रय देते, ही पाकिस्तानची आजची तक्रार शब्दशः तीच आहे, जी वीस वर्षे काबूल आणि वॉशिंग्टन त्याच्याविरुद्ध करीत होते. पहिल्या पक्षाला याचे उत्तर देणे कठीण जाते. पण दुसऱ्या पक्षालाही हे सांगता आलेले नाही, की धोरण बदलले तर किती काळाने परिणाम दिसेल. कबायली मुलूख २०१८ मध्ये घटनादुरुस्तीने खैबर पख्तुनख्वात विलीन करण्यात आला, हा निःसंशय योग्य दिशेचा निर्णय होता, आणि त्याचे फळ अद्याप हाती आलेले नाही.

दुसरा अनिर्णित प्रश्न तुलनेचा आहे. एकाच उदाहरणावरून नियम काढता येत नाही, आणि अण्वस्त्रधारी शेजाऱ्याचे दुसरे पूर्ण उदाहरण सुदैवाने उपलब्ध नाही. १९७१ चा भारत, मी वर म्हटल्याप्रमाणे, तुलनेस उपयोगी आहे, पण तो तेव्हा अण्वस्त्रधारी नव्हता. त्याने सोसलेला भार मोठा असला तरी अल्पकालीन होता. युद्धाची लांबी, निर्वासितांचे परतणे आणि शस्त्रधाऱ्यांचे निःशस्त्रीकरण यांपैकी कोणता घटक निर्णायक, याचा पद्धतशीर अभ्यास अजून तोकडा आहे.

तिसरा प्रश्न ताजा आहे. २०२५ च्या नोव्हेंबरातील २७ व्या घटनादुरुस्तीने पाकिस्तानात संरक्षण दलांचे सर्वोच्च पद लष्करप्रमुखाकडेच सोपविले आणि अण्वस्त्रांच्या आदेशव्यवस्थेवरही भूदलाची पकड घट्ट केली. काही निरीक्षकांच्या मते सूत्रे एका हाती आल्याने शिस्त वाढेल आणि चोरीची भीती आणखी कमी होईल. इतरांच्या मते राजकीय अस्थिरता आजवर ज्या एका संस्थेच्या बाहेर राहत होती, ती आता नेमक्या त्याच संस्थेच्या माथ्यावर आली आहे. दोघांनाही आपले म्हणणे सिद्ध करण्याजोगा पुरावा उपलब्ध नाही. रावळपिंडीची दप्तरे बंद आहेत. आणि ३१ डिसेंबर १९८८ च्या करारान्वये उभय देश एकमेकांच्या अणुकेंद्रांच्या ज्या याद्या १९९२ पासून दर १ जानेवारीस, युद्धाच्या वर्षांतही न चुकता, एकमेकांस देत आले आहेत, त्या याद्याही दोन्ही सरकारांनी गोपनीयच ठेवल्या आहेत.